एक कॅमेरा, बरेच हात : व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप, १९६९ ते १९७२

मागच्या व्याख्यानानंतर एकीने विचारलं होतं, ‘मुंबईत एवढा सिनेमा, मग चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या हातात फिल्मचा कॅमेरा का नसायचा?’ प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा, कारण आम्ही तिघे मिळून एका कलामहाविद्यालयात १६ मिलिमीटरचा छोटा वर्ग चालवतो. आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून शोधू या.

आधी हिशोब. १६ मिलिमीटरचं १०० फुटी रीळ म्हणजे साधारण ४००० चौकटी. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर पावणेतीन मिनिटांत रीळ संपतं. मग ते धुवायचं, त्याची प्रिंट काढायची. चित्रकाराचा कागद फाटला तर तो दुसरा घेतो, इथे तसं नाही. हा खर्च धंद्यातला निर्माता उचलतो, कारण त्याला तिकीटं विकायची असतात. ज्याला काहीच विकायचं नाही त्याच्यासाठी तो कोण उचलणार?

१९६९ मध्ये अकबर पदमसींनी तो उचलला. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे माजी विद्यार्थी, तोवर चित्रकार म्हणून नाव झालेलं. त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. एखाद्याने त्या पैशांत निवांत चित्रं काढली असती. यांनी नेपियन सी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभं केलं. तिथे १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता, डार्करूम होती, छापचित्रांचा प्रेसही होता. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यायचे, एक मनोविश्लेषकही यायचे. परीक्षा नाही, पदविका नाही. कॅमेरा मात्र सगळ्यांचा.

पदमसींनी तिथे ‘सिझिजी’ केली. अकरा मिनिटांची, कृष्णधवल, आवाज नाही. अ‍ॅनिमेटर राम मोहन सोबत होते. आकड्यांच्या एका पद्धतीवरून रेषा ठरायच्या आणि त्या हाताने काढायच्या, अशी सुमारे १००० रेखाटनं. आता आपला हिशोब लावून बघा : अकरा मिनिटं म्हणजे १५,८४० चौकटी, म्हणजे १०० फुटी चार रिळं. एक रेखाटन सरासरी पंधरा-सोळा चौकटी, अर्ध्या सेकंदाहून जास्त, पडद्यावर टिकतं. ती फिल्म थांबत थांबत चालल्यासारखी का वाटते, हे आमच्या मुलांना या भागाकारानंतर जास्त नीट कळतं. सौंदर्यशास्त्र नंतर.

नलिनी मलानी तेव्हा जे. जे.मधून नुकत्याच बाहेर पडत होत्या. ‘ड्रीम हाउसेस’ त्यांनी १९६९ मध्ये केली : घरांचं छोटं मॉडेल, रंगीत उजेड आणि एकेक चौकट थांबून टिपणं. १९७६ मध्ये त्यांनी तिच्याशेजारी एक कृष्णधवल फिल्म ठेवली. त्यात एक तरुणी मुंबईकडे बघत उभी आहे. दोन प्रोजेक्टर, एक कृती, नाव ‘युटोपिया’. सात वर्षांत स्वप्नाचं काय झालं ते दोन पडदे शेजारी ठेवल्याबरोबर दिसतं. आमच्या मते वर्कशॉपची सगळ्यात मोठी कमाई हीच, पदमसींच्या स्वतःच्या फिल्मांपेक्षाही. (यावर आमच्यातच एकमत नाही, ते असो.)

कॉलेजच्या आत हे जमतं का? जमलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया स्कूल ऑफ फाइन आर्ट्समध्ये १९४७ पासून सिडनी पीटरसन विद्यार्थ्यांना घेऊन फिल्मा करत. ‘द लेड शूज’ (१९४९) त्यातलीच. तिथे वर्ग ही संस्थेची जबाबदारी होती, त्यामुळे पीटरसन गेल्यावरही त्या शाळेत फिल्म शिकवली गेली. अर्थात संस्थाही अमर नसते, ती शाळा २०२२ मध्ये बंद पडली. आपल्याकडे सगळा भार एका माणसाच्या फेलोशिपवर होता. १९७२ पर्यंत वर्कशॉप आटोपलं.

आणि फिल्मा? पदमसींची दुसरी फिल्म, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, हिची प्रिंट हरवली. दुसरी प्रत कुठेही नाही. हे वाचताना आमच्या पोटात गोळा येतो, कारण आम्हीही ते केलंय. रिव्हर्सल फिल्ममध्ये निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन पॉझिटिव्ह होते. पहिल्या वर्षी आम्ही एका मुलीची तीच पट्टी कौतुकाने प्रोजेक्टरवर चढवली. खालचा लूप सुटला, वीसेक फूट फिल्म खरवडली गेली. ती काही बोलली नाही, आम्हीही नाही. तेव्हापासून कपाटाच्या दारावर कागद आहे : नक्कल झाल्याशिवाय दाखवायचं नाही. रिळं कमी घेतो, पण नकलेचे पैसे आधी बाजूला काढतो. मुलं कुरकुरतात.

हरवलेल्या फिल्मचं पुढे असं झालं की आशिम अहलुवालिया या दिग्दर्शकाने चाळीसेक वर्षांनी म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन ती पुन्हा घडवायचा प्रयत्न केला आणि २०१६ मध्ये त्याच नावाची फिल्म केली. पदमसी २०२० मध्ये गेले. मूळ प्रिंट अजून सापडलेली नाही. कुणाच्या घरच्या माळ्यावर जुने गोल पत्र्याचे डबे असतील तर कृपा करून भंगारात देऊ नका. उघडताना व्हिनेगरसारखा वास आला तर समजा की फिल्म खराब होऊ लागली आहे. डबा थंड, कोरड्या जागी ठेवा आणि आम्हाला कळवा.