मालवण किनारा : खोत गेला, सातबारा राहिला



मालवणला गेलात की पहिल्यांदा किल्ला दाखवतात. १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं आणि १६६७ पर्यंत पुरं झालं. १ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्हा फोडून दक्षिणेचा नवा जिल्हा केला, तेव्हा त्याला याच किल्ल्याचं नाव दिलं, सिंधुदुर्ग. शिवरायांच्या नावाला कुणाची ना नाही. पण तटाचे दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले, त्यांची नावं बखरीत नाहीत. आणि त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची नावं सातबाऱ्यावर नाहीत. पहिली गोष्ट आता दुरुस्त होणार नाही. दुसरी होऊ शकते. म्हणून हे लिहितोय.

किनाऱ्यावरचं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. समुद्राला लागून पुळण. पुळणीमागं माड, गाबतांची घरं, होड्या, जाळी. त्यामागं भाताचे मळे, बागा, देऊळ, मानकऱ्यांची घरं. आणि बहुतेक गावांत पार शेवटी, सड्याच्या कडेला, जिथं जांभा उघडा पडलेला असतो आणि विहीर पावसानंतर लवकर आटते, तिथं आमची वाडी. काल महारवाडा, आज बौद्धवाडी. पाटी बदलली, जागा तीच.

या गावाला एक कायदा होता. त्याचं नाव गावऱ्हाटी. कुणी कुठं उभं राहायचं, नारळ कुणी ठेवायचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं, सगळं ठरलेलं. गाऱ्हाणं झालं की सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, पण पायरीखालून. मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा न्यायचा, सणाच्या दुसऱ्या दिवशी घरोघर शिळंपाकं मागायचं. त्याला ‘मान’ म्हणत. गुलामीला मान म्हणायची युक्ती ज्यानं काढली तो मोठा हुशार!

पोटाला हात द्यायचं ते बांबूनं. सूप, रोवळी, डाली, हारा. मासे वाहायच्या पाट्या, भात साठवायच्या कणग्या. कोकणातल्या आमच्या बायांची बोटं बांबूच्या बेळांनी चिरलेली असायची. उर्मिला पवारांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हे नाव दिलं ते उगाच नाही. मग प्लास्टिकचे क्रेट आले आणि ती बोटंही बेकार झाली.

आता जमिनीकडं या. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीवर खोत बसला होता. उत्तरेच्या खेड-दापोली-चिपळूणकडं त्याचा विळखा जास्त घट्ट, मालवणकडं त्या मानानं सैल. पण रीत सगळीकडं तीच. सरकारचा सारा खोतानं भरायचा आणि कुळाकडून पिकाचा अर्धा, तिसरा हिस्सा उचलायचा. वर वेठ. खोताची लावणी आधी, आपली मागाहून. कूळ कुणबी असो नाहीतर महार, दोघंही खोतापुढं वाकलेले. फरक एवढाच, की कुणबी अंगणात वाकायचा, महार अंगणाच्या बाहेर.

बाबासाहेबांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. मार्च १९२७ ला महाडला ते चवदार तळ्याच्या पाण्यापुरतं बोलले नाहीत. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळंपाकं मागणं सोडा, आणि शेतीसाठी पडीक जमिनी मिळवा, असं त्यांनी सांगितलं. पाणी आणि जमीन ही एकच लढाई होती. आम्ही पाण्याचा दिवस पाळतो, जमिनीचं वाक्य विसरतो.

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणचे हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात कुणबी होते, महार होते, स्वतंत्र मजूर पक्ष होता, कम्युनिस्टही होते. तिकडं अलिबागजवळ चरीचा शेतकरी संप १९३३ पासून चालू होताच. बाबासाहेब फक्त एका जातीचे पुढारी, असं म्हणणाऱ्याला ही तारीख तोंडावर सांगा. ते बिल काँग्रेस सरकारनं पुढं जाऊ दिलं नाही. खोती कायद्यानं गेली ती १९४९ साली.

मग कूळकायदा आला, १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कसणारा मालक झाला. कागदावर! पण कसणारा कोण? ज्याचं नाव कूळ म्हणून लागलंय तो. आमच्या माणसाचं कूळपण तोंडी होतं. पावती नाही, साक्षीला गाव नाही. मालकासमोर तलाठ्याला ‘मी कसतो’ म्हणायची छाती किती जणांची होती? खोत गेला, पण जाताना सातबारा ठेवून गेला.

म्हणून आमचं भविष्य नेहमी गावाबाहेर गेलं. आधी पलटणीत. १८९२ ला इंग्रजांनी तेही दार लावलं. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ ला. मग बोटीनं मुंबई, गिरणी. तिथंही विणकामाच्या खात्यात आम्हाला मज्जाव, कारण धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्यानं सवर्ण गडी बाटत! मनिऑर्डरीवर गावचं घर चाललं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि मनिऑर्डर थांबली.

दुसरा एक रस्ता गांधीवाद्यांनी दाखवला. कणकवलीला १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम काढला. ब्राह्मण असून त्यांनी स्वतः मेलेली ढोरं सोलली, संडास साफ केले. त्यांच्या प्रामाणिकपणावर आम्ही धूळ टाकत नाही. पण ते म्हणत होते, हे काम पवित्र करू. बाबासाहेब म्हणाले, हे काम टाकून द्या. ब्राह्मणानं ढोर सोललं तर तो संत होतो, आमच्या बापानं सोललं तर तो महारच राहतो. १९५६ नंतर आम्ही म्हारकी टाकली, पायरीखालचा मान परत केला, ते बरोबरच झालं.

आणि आज? १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ ला कोकण रेल्वे पुरती धावली. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीला विमानतळ उघडला. जो पैसा आणायला आमचा बाप मुंबईला गेला, तो पैसा आता तारकर्लीच्या पुळणीवर चालत आलाय. पण राहायच्या खोल्या कुणाच्या? ज्याची जमीन त्याच्या. कर्जाला कागद लागतो, परवान्याला कागद लागतो. आमची पोरं त्या खोल्यांत चादरी बदलतात, जांभ्याच्या खाणीत चिरे काढतात. गावात पैसा आला, आमच्यासाठी वेठीला पगार आला, एवढंच.

दोष सगळा दुसऱ्यावर टाकून भागायचं नाही. आम्ही मेमध्ये गावाला येतो, वर्गणी काढतो, विहार बांधतो. बांधलाच पाहिजे. पण विहाराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे किती जणांनी बघितलं? घराखालची?

तेव्हा दोस्तहो, भाषणं झाली. या सुट्टीत प्रत्येक वाडीतल्या दोन पोरांनी तलाठ्याकडं जावं. सातबारा काढा. ‘इतर हक्क’ वाचा. जुने फेरफार मागा, आज्याचं नाव कुठं होतं आणि कधी गळलं ते शोधा. कुळाच्या घराखालची जागा कुळाला मिळण्याची तरतूद कूळकायद्यात आहे, ती वकिलाकडून समजून घ्या. वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोणता मळा कुणी कसला. ते गेले की साक्ष गेली. आणि शेजारचा कुणबीही त्याच अडचणीत असेल तर त्याला बरोबर घ्या. १९३८ ला तो आपल्याबरोबर चालला होता.

‘व्हय म्हाराजा’ पुष्कळ म्हटलं. आता उतारा मागा.

जय भीम!