न्हाणीघर, ब्रिटिश कामगारांच्या घरांतील (विसाव्या शतकाचा मध्य)

ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या कामगारांच्या चिंचोळ्या, एकाला एक लागून असलेल्या घरांत न्हाणीघराला जागाच ठेवलेली नव्हती. १९५१च्या जनगणनेतही तिसऱ्या हिश्शाहून अधिक कुटुंबांच्या घरात कायमचा बसवलेला टब नव्हता.

बहुतेक घरांत मागच्या मोरीवर गार पाण्याचा एक नळ असे. बर्मिंगहॅमच्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांना तोही नसे. अंगणातला नळ आणि संडास सगळ्या बिऱ्हाडांत सामाईक असत. अंघोळीचे पाणी चुलाणावरच्या मोठ्या हंड्यात तापवायचे. परसात खिळ्याला टांगलेला पत्र्याचा टब आठवड्यातून एकदा शेगडीपुढे यायचा आणि त्याच पाण्यात घरातली माणसे एकामागून एक अंघोळ उरकत. पाणी भरणे, तापवणे आणि शेवटी उपसून टाकणे हे सारे कष्ट मुख्यतः बायकांच्या वाट्याला येत. घराची ही उणीव त्यांच्या अंगमेहनतीने भरून निघत होती.

संडास परसात. हिवाळ्यात शिशाचे नळ गोठून फुटू नयेत म्हणून तिथे रॉकेलचा छोटा दिवा तेवत ठेवत. कागद म्हणून वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे दोऱ्यात ओवलेले असत. रात्रीसाठी पलंगाखाली भांडे. लँकेशायरमध्ये मोरीचे सांडपाणी एका कलत्या भांड्यात साठे; भांडे भरले की आपोआप उलटून संडास धुतला जाई.

घराबाहेरची सोय जुनी होती. १८४६च्या कायद्यानंतर नगरपालिकांनी सार्वजनिक स्नानगृहे बांधली. तिथे थोडे पैसे भरून गरम पाण्याचा टब मिळे. १९२६च्या कायद्याने खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे बांधायला निधी मिळू लागला. जिथे ती झाली तिथे कोळशाची काजळी कामावरच धुतली जाऊ लागली.

घरात बदल आला तो युद्धानंतर. १९४४च्या कायद्याखाली उभारलेल्या सुमारे १,५६,००० तात्पुरत्या तयार घरांत न्हाणीघर, आतला संडास आणि गरम पाणी होते. जुन्या घरांसाठी १९४९मध्ये सुधारणा अनुदान आले. १९५९च्या कायद्याने टब किंवा शॉवर, हात धुण्याचे बेसिन, गरम पाणी, संडास आणि अन्न साठवण्याची सोय या पाच गोष्टींसाठी ठरावीक अनुदान हक्काचे केले. कुणी मागची झोपायची खोली न्हाणीघराला दिली, कुणी परसात नवी खोली काढली.

भाडेकरूंचे घोडे मात्र मालकापाशी अडत होते, कारण अनुदान घेणे त्याच्या मर्जीवर होते. १९६४च्या कायद्याने अशा मालकांना सुधारणा करायला भाग पाडण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना दिले.