लिनक्स सर्व्हरवरून ई-मेल धाडताना

रात्रीचा बॅकअप फसल्याची वार्ता लिनक्स सर्व्हर आपल्या व्यवस्थापकाला बहुधा ई-मेलनेच कळवतो. ठरल्या वेळी कामे उरकणारी क्रॉन ही सेवा कामात उमटलेला मजकूर पत्ररूपाने रवाना करते. परंतु डेबियनसारख्या प्रणालीत टपाल वाहणारी आज्ञावलीच बसवलेली नसेल, तर तो मजकूर टाकून दिला जातो आणि नोंदवहीत एक ओळ तेवढी उरते. आज्ञावली असली तरी पत्र ‘रूट’ या वापरकर्त्याच्या स्थानिक पेटीत पडते, आणि ती पेटी सहसा कोणी उघडत नाही. म्हणून एलियासेस या फाइलीत रूटपुढे व्यवस्थापकाचा खरा पत्ता लिहून ‘न्यूएलियासेस’ ही आज्ञा देणे, हे पहिले काम.

एरिक ऑलमन यांच्या सेंडमेलची मांडणी भल्याभल्यांना चकवत असे. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये घडवलेले व १९९८ मध्ये खुले झालेले पोस्टफिक्स त्या मानाने सरळ आहे. त्याची मुख्य फाइल ‘मेन डॉट सीएफ’. सर्व्हरने केवळ पत्रे पाठवायची असतील, तर तीत ‘इनेट इंटरफेसेस’पुढे ‘लूपबॅक-ओन्ली’ लिहावे. बाहेरच्या कोणाचीही पत्रे पुढे ढकलणारा सर्व्हर जाहिरातखोरांच्या हाती लागतो आणि काळ्या यादीत जातो.

खरी अडचण पुढेच आहे. पत्र निघणे सोपे, स्वीकारले जाणे कठीण. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपीच्या नियमावलीत पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय नव्हती. ती उणीव नंतरच्या ठिगळांनी झाकली. एसपीएफ ही डीएनएसमधील नोंद कोणत्या आयपी पत्त्यांना त्या डोमेनच्या नावे पत्र धाडण्याचा अधिकार आहे ते सांगते. डीकेआयएम पत्रावर अंकीय स्वाक्षरी करते. हे दोन्ही फसल्यास काय करावे, ते डीमार्क ठरवते. शिवाय आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंदही हवी. ती डोमेनच्या नव्हे, तर आयपी पुरवणाऱ्याच्या हाती असते, हे अनेकांना उशिरा उमगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने या अटी कडक केल्या. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले.

ॲमेझॉन व गुगल यांच्या क्लाउडवर बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट मुळातच अडवलेले असते. तेथे ‘रिलेहोस्ट’पुढे एखाद्या टपालसेवेचा पत्ता व ५८७ हे पोर्ट देऊन, नाव-परवलीसह व टीएलएसच्या आवरणातून पत्रे सोपवावीत. परवलीची फाइल रूटखेरीज कोणाला वाचता येऊ नये. लहान कार्यालयाने हाच मार्ग धरणे शहाणपणाचे.

अडकलेली पत्रे ‘मेलक्यू’ या आज्ञेने दिसतात. नकार तात्पुरता असल्यास पोस्टफिक्स मुळात पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करते व मग पत्र परत पाठवते. बॅकअप फसल्याची सूचना अशी पाच दिवस रांगेत पडू नये, यासाठी मांडणी बदलताच एक चाचणीपत्र धाडून नोंदवहीत ‘सेंट’ हा शब्द पाहावा. मग पत्र पेटीत आले की स्पॅममध्ये, तेही तपासावे.