फळीवरची मधाची बाटली

माझ्या नातीचा जन्म झाला त्या दिवशीची गोष्ट. आमची मावशी तेव्हा ऐंशीच्या पुढची. पण निरोप मिळताच रिक्षा करून एकटी दवाखान्यात आली. पिशवीत मधाची छोटी बाटली आणि बोटात सोन्याची अंगठी. बाळाला मध चाटवायचा होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला अगदी हात जोडून सांगितलं, "आजी, मध नको. निदान वर्षभर तरी नको."

मावशी दुखावली. माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवलास ना? मग सांग की हिला! तुला मीच चाटवला होता मध. काय झालं तुला?"

मला उत्तर देता आलं नाही. मावशीचंही खोटं नव्हतं. जातकर्म संस्कारात नवजात बाळाला सोनं, मध आणि तूप चाटवावं असं गृह्यसूत्रांत सांगितलेलं आहे. दोन-अडीच हजार वर्षं चालत आलेली रीत एका वाक्यात मोडीत निघावी? त्या रात्री मी पुस्तकं काढून बसलो.

पहिला प्रश्न पडला तो वेगळाच. आमच्या लहानपणी मधाची बाटली स्वयंपाकघरात कधीच नसायची. ती असायची औषधाच्या फळीवर, सितोपलादी चूर्ण आणि सुंठीच्या शेजारी. खोकला झाला की चाटणाला निघायची, नाहीतर पूजेच्या दिवशी पंचामृतासाठी. खाण्याचा इतका गोड पदार्थ औषधांत जाऊन का बसला?

याचं उत्तर उसात आहे. युरोपात साखर पोचेपर्यंत गोडव्यासाठी मुख्य आधार मधाचाच होता. रोमन लोकांच्या पाककृतींत मांसाच्या रश्श्यातसुद्धा मध पडायचा. आपल्याकडे मात्र ऊस होता, गूळ होता. सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात इथे आला. माश्यांवाचून मध देणारे बोरू हिंदुस्थानात आहेत, असं त्याने नोंदवून ठेवलं. तो ऊसच. रोजचा गोडवा उसाने पुरवला, म्हणून मध मोकळा राहिला तो देवासाठी आणि वैद्यासाठी.

वैद्यांनी त्याचा अभ्यासही बारकाईने केला. चरकाने मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुताने आठ. जखमेवर मध आणि तूप लावायला सुश्रुत सांगतो. इजिप्तमध्येही हेच. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने 1862 साली लक्झर इथे एक पपायरस विकत घेतला. तो ख्रिस्तपूर्व 1600च्या सुमाराचा आहे. त्यात 48 रुग्णांची वर्णनं आहेत आणि जखमांवर चरबी, मध आणि धागे बांधण्याचा उपचार पुन्हापुन्हा येतो. नाईलकाठचा वैद्य आणि गंगेकाठचा वैद्य एकाच औषधापाशी आले, ते अनुभवानेच.

या अनुभवामागचं कारण कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. मधात पाणी जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक साखरच. त्यामुळे जंतूंच्या अंगातलं पाणीच तो शोषून घेतो. शिवाय तो आम्ल असतो. आणि तिसरी गंमत म्हणजे माशीने मधात मिसळलेलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मध पातळ झाला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. जखम धुवायला दवाखान्यात वापरतात, तेच हे द्रव्य, पण अगदी सौम्य प्रमाणात. हे 1963 साली सिद्ध झालं. 2007 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधाच्या मलमपट्टीला परवानगी दिली. पण इथे एक सावधगिरी. ती पट्टी निर्जंतुक केलेल्या मधाची असते. फळीवरची बाटली उघड्या जखमेवर ओतू नये.

मध तापवू नये, असं चरकाने बजावलं आहे. तापवलेला मध विषासमान होतो, हे त्याचं म्हणणं आजचं रसायनशास्त्र त्याच शब्दांत मान्य करणार नाही. पण उष्णतेने ते विकर नष्ट होतं आणि सुगंध उडतो, हे मात्र खरं. सकाळी उकळत्या पाण्यात मध-लिंबू पिणाऱ्यांनी निदान पाणी कोमट होऊ द्यावं. त्याने वजन उतरतं, या भरवशावरही राहू नये. मध ही शेवटी साखरच; मधुमेह असलेल्यांनी हे विसरू नये.

आता आपला महाबळेश्वरचा मध. पूर्वी मध मिळायचा तो मोहोळ जाळून आणि पिळून. त्यात अंडी, अळ्या, मेण सगळंच यायचं आणि वसाहत संपायची. 1851 साली लॅंगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याच्या लक्षात आलं, की दोन पोळ्यांत ठराविक अंतर ठेवलं तर माश्या ती जागा मोकळीच सोडतात. त्यातून सुट्या चौकटींची पेटी आली. चौकट काढायची, यंत्रात फिरवून मध घ्यायचा, पोळं परत ठेवायचं. दक्षिण भारतात न्यूटन नावाच्या पाद्र्याने आपल्या लहान चणीच्या माशीला बेतशीर अशी पेटी केली. आपली सातेरी माशी या पेट्यांत नांदू लागली. आग्या माशी काही पेटीत राहत नाही. ती कड्यावर आणि उंच झाडावरच.

महाबळेश्वरच्या रानात जांभूळ आणि हिरडा फुलतो. सात-आठ वर्षांनी एकदा कारवीचा बहर येतो, तेव्हा मधाची चंगळ. जसं फूल तसा मधाचा रंग आणि चव. पुण्यात 1962 साली मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था सुरू झाली. 2022 साली महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या लोकांचं पोट या माश्यांवर आहे. म्हणून भेसळीचा प्रश्न नुसता चवीचा नाही. डिसेंबर 2020मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने बाजारातल्या अनेक मधांत साखरेचा पाक असल्याचा दावा केला. कंपन्यांनी तो नाकारला. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून घरी भेसळ ओळखता येते, या समजुतीवर मात्र विसंबू नका. मध थिजला म्हणजे साखर घातली, असंही नाही. शुद्ध मधही थिजतो.

अलीकडे मध फळीवरून खाली उतरला आहे. केकच्या पिठात घातला तर केक लवकर कोरडा पडत नाही, कारण मध ओलावा धरून ठेवतो. नेमक्या याच गुणामुळे तो चेहऱ्यालाही मानवतो. मसुराचं पीठ, साय आणि चमचाभर मध, हा लेप आमच्या आईच्या पिढीला ठाऊक होता. हिवाळ्यात उललेल्या ओठांवर मधाचं बोट पुरायचं. ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे, त्यांनी आधी मनगटावर लावून पाहावा, इतकंच.

आणि आता मावशीचा प्रश्न. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं मातीत असतात, तशी मधातही येऊ शकतात. शुद्ध, रानातल्या मधातसुद्धा. उकळूनही ती मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजू शकतात आणि विष तयार करतात. बाळाला मलावरोध होतो, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, अंग ढिलं पडतं. पुढे श्वासही अडू शकतो. हा आजार 1976 साली अमेरिकेत ओळखला गेला आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा मधाशी संबंध जोडला गेला. त्याआधी अशी बाळं गेली असतील, तर ती कशाने गेली हे कुणाला कळणार होतं? आजार क्वचितच होतो. म्हणूनच चाटवलेली बहुतेक बाळं वाढली, मीही वाढलो. पण जी वाढली, तीच पुढे सांगायला उरली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे तरी विसरायला नको होतं.

मी मावशीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझी पहिली मुलगी महिन्याची असताना गेली. दूध ओढेना. तिलाही मी चाटवला होता."

मी घाईघाईने म्हणालो, "मावशी, त्याने गेली असं कुणीच सांगू शकत नाही." आणि ते खरंच होतं. ती म्हणाली, "ते मलाही समजतं रे. पण या पोरीला नको."

नातीचा पहिला वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी मावशी सकाळीच आली. तीच बाटली, तीच अंगठी. अंगठीने मधाचा एक थेंब तिने बाळाच्या जिभेवर ठेवला. पोरीने तोंड वाकडं केलं, मग जीभ पुन्हा पुढे केली. आमची बाटली आता पुन्हा फळीवर आहे. वरच्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)