विधवेची परदेशवारी : फॉर्स्टरच्या पहिल्या कादंबरीविषयी

इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर (१८७९-१९७०) यांचे नाव भारतीय वाचकांना परिचित आहे ते प्रामुख्याने ‘अ पॅसेज टु इंडिया’मुळे. त्या कादंबरीच्या एकोणीस वर्षे आधी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी ‘व्हेअर एंजल्स फिअर टु ट्रेड’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. एक तरुण विधवा इटलीला सहलीसाठी जाते, तेथे प्रेमात पडते आणि त्यातून दोन मृत्यू ओढवतात, असे तिचे थोडक्यात कथानक आहे. आशय करुण, परंतु निवेदनाचा सूर विनोदाचा, अशी ही विलक्षण रचना आहे. तिच्याकडे केवळ एका नवोदिताचा यशस्वी प्रयोग म्हणून न पाहता विधवेच्या प्रवासाच्या सामाजिक इतिहासातील एक दस्तऐवज म्हणून पाहिले, तर तिचे मोल अधिक स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील मध्यमवर्गाला इटली एकदम जवळ आली. टॉमस कुक यांनी १८६४ मध्ये आपल्या सहली इटलीपर्यंत नेल्या. १८७१ मध्ये फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा आल्प्समधील बोगदा खुला झाला आणि १८८२ मध्ये सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या सेंट गॉटहार्ड बोगद्यातून आगगाडी धावू लागली. एकेकाळी उमरावांच्या मुलांपुरता असलेला प्रवास आता बेडेकरची मार्गदर्शिका हातात घेतलेल्या मध्यमवर्गीय स्त्रियांच्याही आवाक्यात आला. १८६१ पासून वैधव्याची काळी वस्त्रे न उतरवणाऱ्या व्हिक्टोरिया राणीने १८८८, १८९३ आणि १८९४ या वर्षी फ्लॉरेन्समध्ये मुक्काम केला, तेव्हा विधवेच्या परदेशगमनाला राजमान्यताही मिळाली.

मात्र या प्रवासाला एखादे प्रतिष्ठित प्रयोजन असावे लागे. आपल्याकडे विधवेने घराबाहेर पडायचे ते काशीला किंवा पंढरीला. निव्वळ मौजेसाठी नव्हे. इंग्लंडमध्ये तीर्थक्षेत्राची जागा चित्रांनी आणि चर्चच्या भित्तिचित्रांनी घेतली होती, एवढाच फरक. फॉर्स्टरच्या नायिकेला, लिलिया हेरिटनला, इटलीला पाठवले जाते तेही तिची अभिरुची सुधारावी म्हणून. खरे कारण निराळे आहे. लिलिया तेहेतीस वर्षांची आहे, थोडी उथळ आणि मोकळी आहे. सॉस्टन या उपनगरात ती पुन्हा एखाद्या अयोग्य पुरुषात गुंतेल, अशी सासरच्यांना धास्ती आहे. म्हणून नऊ वर्षांच्या मुलीला आजीकडे ठेवून, कॅरोलिन ॲबट या दहा वर्षांनी लहान पण पोक्त मुलीच्या सोबतीने तिची रवानगी होते. इंग्रजीत नवऱ्याच्या घरची सगळी नाती एकाच प्रत्ययाने उरकली जातात. मराठीत मात्र हे घर तत्काळ ओळखीचे होते. मानापमान सांभाळणारी सासू, इटलीवर पुस्तकी प्रेम करणारा वकील दीर फिलिप आणि धर्माचा अहंकार बाळगणारी नणंद हॅरिएट. पती निवर्तला, तरी सून या घराची मिळकतच राहिली आहे.

फॉर्स्टर यांना हे जग घरातूनच ठाऊक होते. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा त्यांचे वडील वारले. विधवा आईबरोबर त्यांनी १९०१-०२ मध्ये इटलीत दीर्घ प्रवास केला. तेथील एका हॉटेलात, वयाने आणि सामाजिक दर्जाने कमी असलेल्या इटालियनाशी लग्न केलेल्या इंग्रज बाईविषयीची कुजबुज त्यांच्या कानी पडली. कादंबरीचे बीज ते. मॉन्टेरियानो हे कल्पित गाव मनोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सान जिमिन्यानोवर बेतले आहे. त्या गावाची माहिती देणारा बेडेकरमधील उताराही लेखकाने स्वतःच रचला आहे; मार्गदर्शिकेची ही नक्कल हुबेहूब तर आहेच, शिवाय खोचकही आहे.

लिलियाच्या विवाहाची बातमी येताच फिलिप तिला सोडवायला निघतो. वर आहे एकवीस वर्षांचा जिनो, एका दंतवैद्याचा मुलगा. फिलिप त्याला हजार लिरा देऊ करतो, तेव्हा जिनो हसत सुटतो, कारण लग्न आधीच झालेले असते. येथपर्यंतचा प्रहसनाचा रंग पुढे झपाट्याने काळवंडतो. एकटीने फिरायला जायचीही लिलियाला बंदी होते, नवरा बाहेरख्याली निघतो आणि मुलाला जन्म देताना ती मरण पावते.

या प्रकरणाला कायद्याची जी बाजू आहे ती लक्षात घेतली, म्हणजे हा केवळ स्वभावांचा संघर्ष नाही हे दिसते. इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने विवाहितेला स्वतंत्र मालमत्ता बाळगण्याचा हक्क मिळाला होता. परंतु १८७० च्या कायद्यानुसार परक्या देशाच्या नागरिकाशी विवाह करणारी इंग्रज स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावीत असे. इटलीच्या १८६५ च्या संहितेप्रमाणे स्थावर मिळकत विकणे, कर्ज काढणे, दावा लावणे यांसाठी पत्नीला पतीची संमती लागे. ही अट १९१९ मध्ये रद्द झाली. विधवा म्हणून इंग्लंडमध्ये असलेले स्वातंत्र्य लिलियाने एका सहीनिशी गमावले. सासूच्या धाकातून सुटून ती पतीच्या कुलपात गेली.

उत्तरार्धात सासरचे लोक तिच्या मुलाला आणण्यासाठी निघतात. या मुलाशी त्यांचे रक्ताचे नातेच नाही. मृत सुनेला दुसऱ्या पतीपासून झालेले ते मूल. प्रेमापोटी नव्हे, तर कॅरोलिनने पुढाकार घेतला तर आपली शोभा होईल म्हणून ही मोहीम निघते. कॅरोलिन जिनोला बाळाला न्हाऊ घालताना पाहते आणि त्याच्या वात्सल्यापुढे तिचा निश्चय डळमळतो. हॅरिएट मात्र बाळ पळवते. पावसात, अंधारात उतारावर दोन घोडागाड्यांची टक्कर होते आणि बाळ दगावते. बाळाचे भले करायला निघालेल्यांच्याच हातून हे घडावे, यातील उपरोध जीवघेणा आहे. शेवटी परतीच्या गाडीत फिलिप आपले प्रेम व्यक्त करण्याच्या बेतात असताना, कॅरोलिन स्वतःचे प्रेम जिनोवर असल्याचे त्याला सांगते.

या कादंबरीचा एक दोष नजरेआड करता येत नाही. लिलियाची लेखकाने पुष्कळ थट्टा केली आहे आणि ती अर्ध्यावर मरताच निवेदनाचा ओघ तिला विसरून फिलिपच्या मनःपरिवर्तनाकडे वळतो. सासरच्यांनी तिला जसे दुय्यम मानले, तसेच काही अंशी लेखकानेही मानले, असे म्हणावे लागते.

या दोषाचे परिमार्जन झाले ते भारतात, आणि तेही एका मराठी संस्थानाच्या संगतीने. १९१२ च्या नाताळात फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार यांना प्रथम भेटले आणि १९२१ मध्ये काही महिने त्यांचे खाजगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला. ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) हीदेखील एका विधवेच्या परदेशगमनाची कथा आहे. मिसेस मूर तरुण, अविवाहित सोबतिणीसह येतात आणि परतीच्या वाटेवर, मुंबई सोडल्यानंतर, समुद्रात मरण पावतात. लिलियाप्रमाणेच त्याही कथेच्या मध्यावर जातात. परंतु त्यांचे स्मरण अखेरपर्यंत कथेवर सावली धरून असते. देवासच्या उत्सवावर बेतलेल्या शेवटच्या भागात दक्षिणी ब्राह्मण गोडबोले तुकारामाचे नाव आळवीत नाचत असताना त्यांना अचानक आठवते ती हीच वृद्धा. पुढे पावसात तलावावर दोन नावा आदळतात. पहिल्या कादंबरीत अशाच टकरीत एक बाळ गेले होते. येथे सारे भिजतात, पण कोणी मरत नाही, आणि प्रसंग असतो बाळकृष्णाच्या जन्माचा.

आपल्या भाषेत बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्येच लिहिले आणि प्रवासाच्या निमित्ताने विधवांची दुःखे मांडली. तेथील दृष्टी सुधारकाची, फॉर्स्टरची उपहासकाराची. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : पती गेल्यानंतर स्त्री कोणाची? सॉस्टनने दिलेले उत्तर होते ‘आमची’, मॉन्टेरियानोने दिलेले ‘माझी’. तिची ती स्वतःची, हे उत्तर लिलियाच्या वाट्याला आले नाही. ते देण्याची तयारी त्या दोन्ही गावांत कोणाचीच नव्हती.