वतन गेलं, वाडा उरला

आजचा भाग वाड्यांवर आहे, पण पुण्याच्या नव्हे, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या गावच्या वाड्यांवर.

मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकपासून साधारण ६५ किलोमीटरवर चांदवड लागतं. तिथला रंगमहाल, म्हणजे होळकर वाडा, अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. कोरीव लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं, सगळं बघण्यासारखं. मोठ्या नावामुळे त्याच्याकडे लोकांचं लक्ष तरी जातं. पण गावोगावच्या देशमुख-पाटलांच्या वाड्यांचं काय?

आता बघा, वाडा कशावर उभा असतो? दगडी जोत्यावर, सागाच्या खांबांवर, हे झालंच. पण खरा आधार वतनाचा. वरच्या धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी खारी माती टाकावी लागते. एक-दोन वर्षं चुकलं की पाणी मुरतं, तुळई कुजते आणि मग भिंत बसते. ही माती टाकायला माणसं लागतात, आणि माणसांना पोसायला वतनाची जमीन.

मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा आला. १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतनं संपली, १९५८ मध्ये महार वतनासारखी कनिष्ठ मानलेली गावकीची वतनं, आणि १९६२ च्या कायद्याने पाटीलकी. माझ्या मते हे योग्यच झालं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून तो वाडा उभा ठेवला, त्यांतल्या कित्येकांना दिंडी दरवाजाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. पण वतन गेलं, वाडा उरला. मग वारस वाढले, वाटण्या झाल्या, चौकात भिंत आली. कुणी शहरात गेलं. शेवटी कोरीव दारं आणि खांब जुन्या सामानाच्या बाजारात गेले.

फ्रान्समध्येही असंच घडलं, बरं का. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द करायचं ठरलं. पुढे १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने वारसांना समान वाटे दिले. खेड्यातल्या जुन्या गढ्यांना घरघर लागली. पण तिथे १९१३ मध्ये स्मारकांचा कायदा झाला, १९२४ मध्ये अशा घरांच्या मालकांनी संघटना काढली आणि २०१८ पासून तर वारशासाठी लॉटरीच सुरू आहे. हक्क गेले तरी घर गावाचं राहू शकतं, हे त्यांनी मान्य केलं.

आपल्याकडे १९६० चा पुरातत्त्व कायदा आहे, पण खाजगी वाडे बहुतेक त्याच्या यादीबाहेरच राहतात. तेव्हा निदान एवढं करू या. गावातला वाडा पडायच्या आत त्याचे फोटो काढा, मापं घ्या. मालकाच्या आठवणी नोंदवा, आणि त्या वाड्यावर राबलेल्या घरांच्याही. त्यांच्याशिवाय वाड्याचा इतिहास अर्धाच राहील.

तुमच्या गावात असा वाडा असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.