कोरोनाकाळातील पगार-अनुदान आणि रोख मदत : कोणाला काय मिळाले?

साथीत काम बंद पडले की सरकार दोन मार्गांनी हात देऊ शकते. एक, पगार-अनुदान : कामगाराला काढू नये म्हणून पगाराचा काही भाग सरकार मालकाला देते. दुसरा, थेट रोख मदत : पैसे सरळ गरजूच्या बँक खात्यात जातात. हा फरक नीट कळला की आपल्याकडे काही घरांत मदत का आली आणि शेजारच्या घरात का नाही, तेही कळते.

पगारासाठी मदत

ब्रिटनमध्ये मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ ही योजना चालली. घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकारने भरले. शेवटच्या महिन्यांत त्यातला काही वाटा मालकांवर टाकला.

भारतात २९ मार्च २०२० रोजी गृह मंत्रालयाने पगार कापू नका असा आदेश काढला. पण पगारासाठी मालकांना पैसे दिले नाहीत. मे महिन्यात आदेशही मागे घेतला गेला.

केंद्राने भार उचलला तो पीएफचा. १०० पर्यंत कामगार असलेल्या आणि त्यातल्या ९० टक्के कामगारांचा पगार १५,००० रुपयांपेक्षा कमी असलेल्या आस्थापनांत, अशा कामगारांच्या पीएफचे मालक व कामगार दोघांचे मिळून २४ टक्के सरकारने भरले. ही रक्कम पीएफ खात्यात गेली. फायदा इतकाच की कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापले गेले नाहीत. ईएसआयसीच्या अटल योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी पगाराच्या २५ ऐवजी ५० टक्के भत्ता, जास्तीत जास्त ९० दिवस, मिळू लागला.

थेट रोख मदत

केंद्राने एप्रिल ते जून २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा केले. खाते पतीच्या नावावर असेल तर ही रक्कम नाही. रेशनकार्डावर माणशी ५ किलो मोफत धान्य मिळाले, ते वेगळे.

महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले. निर्बंध लागू झाले ते १४ एप्रिलच्या रात्री. त्या दिवशी पहिला रोजा होता, म्हणून अनेकांच्या ते लक्षात असेल. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर झाले.

अडले कुठे?

वरच्या ओळींत 'नोंदणीकृत' आणि 'परवानाधारक' हे शब्द पुन्हा एकदा वाचा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा वर्षानुवर्षे रिक्षा चालवत होते, पण परवाना दुसऱ्याच्या नावावर. रिक्षा बंद, भाडे थकलेले, आणि मदतीच्या यादीत नाव नाही. पीएफ नसलेला यंत्रमाग कामगार, घरी बसून शिलाई करणारी बाई, फेरीवाल्याची नोंद नसलेला फळवाला, या सगळ्यांची गत तीच. गरज होती, मेहनतही होती, कागद नव्हता.

आता काय करावे?

ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू आहे. वय १६ ते ५९, पीएफ किंवा ईएसआयसी नसलेला कामगार त्यावर नोंद करू शकतो. त्यासाठी आधार, बँक खाते आणि आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा. १२ अंकी क्रमांक मिळतो. मागच्या वर्षात ९० दिवस बांधकाम केलेल्यांनी कामगार मंडळाकडेही नोंदणी करावी आणि तिचे नूतनीकरण चुकवू नये. पगारदारांनी पीएफ खरोखर भरला जातो का, ते पासबुकात पाहावे.

नोंदणी केली म्हणून उद्या पैसे येतील असे नाही. पण पुढच्या वेळी यादी निघेल तेव्हा ती आधीच लिहिलेल्या नावांमधूनच निघेल. घरातल्या बायकांची नावेही राहू देऊ नका.